मोनो काउंटी : मासे नसलेलं तळं, ओस पडलेलं गाव आणि पाण्याची लढाई

कॅलिफोर्निया म्हटलं की हॉलिवूड, सिलिकॉन व्हॅली आणि समुद्रकिनारे आठवतात. पण याच राज्याच्या पूर्व टोकाला, सिएरा नेव्हाडा पर्वतरांगेच्या पलीकडे, एक असा भाग आहे जिथे मैलोन् मैल माणूस दिसत नाही. त्याचं नाव मोनो काउंटी. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखं प्रशासकीय एकक. क्षेत्रफळ सुमारे ८ हजार चौरस किलोमीटर आणि २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या जेमतेम १३ हजार.

असं असूनही या काउंटीतल्या एका तळ्यावरून झालेल्या खटल्याचा दाखला भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला आहे. हे तळं कोणतं, तिथे राहतं कोण आणि पाहण्यासारखं काय आहे, ते समजून घेऊया.

मोनो तळं इतकं वेगळं का?

मोनो तळ्यात ओढे येऊन मिळतात, पण तळ्यातून बाहेर जाणारा एकही प्रवाह नाही. पाण्याची वाफ होते, क्षार मात्र तिथेच राहतात. हे चक्र किमान साडेसात लाख वर्षं सुरू आहे. त्यामुळे हे पाणी समुद्राच्या दुपटीहून अधिक खारं झालंय आणि त्याचा पीएच १० च्या आसपास आहे. हाताला ते साबणासारखं बुळबुळीत लागतं. आपलं लोणार सरोवरही खारं, क्षारयुक्त आणि बाहेर वाट नसलेलं आहे, त्यामुळे हा प्रकार मराठी वाचकाला अगदीच अनोळखी नाही.

या पाण्यात मासे जगत नाहीत, पण तळं निर्जीव नाही. जवळ्यासारखे बारीक जीव आणि किनाऱ्यावरच्या क्षारमाश्या इथे अब्जावधींच्या संख्येने असतात. त्यांच्यावर लाखो पक्षी पोसले जातात. टिबुकलीच्या कुळातले पक्षी शरद ऋतूत दहा लाखांहून अधिक संख्येने इथे उतरतात. कॅलिफोर्निया कुरव तळ्यातल्या बेटांवर घरटी करतात. फॅलरोप नावाचे छोटे पक्षी इथे पोटभर खाऊन थेट दक्षिण अमेरिकेकडे झेपावतात.

इथले मूळ रहिवासी कोण?

तळ्याकाठचे मूळ लोक म्हणजे पायूट समूहातली कुत्झादिका जमात. या नावाचा अर्थच ‘माश्या खाणारे’ असा आहे. क्षारमाश्यांचे कोष गोळा करून, वाळवून ते खात आणि पर्वतापलीकडच्या जमातींना देऊन त्या बदल्यात ओकची फळं घेत. आज ही जमात अमेरिकेच्या केंद्र सरकारची अधिकृत मान्यता मिळवण्यासाठी प्रयत्न करतेय. काउंटीत ब्रिजपोर्ट आणि बेंटन इथेही पायूट समुदायांच्या वस्त्या आहेत.

गावं कोणती?

मॅमथ लेक्स हे काउंटीतलं एकमेव स्वतंत्र नगर. निम्म्याहून अधिक लोकसंख्या इथेच राहते. हिवाळ्यात मॅमथ माउंटनवर स्कीइंगसाठी गर्दी होते आणि गावाचा संसार त्यावरच चालतो.

मुख्यालय मात्र ब्रिजपोर्ट या छोट्या गावात आहे. आजूबाजूला गुरं चरणारी कुरणं आणि मधोमध १८८० मध्ये बांधलेली न्यायालयाची पांढरी लाकडी इमारत. मुख्यालय ब्रिजपोर्टला येण्याची गोष्ट मजेशीर आहे. १८६१ मध्ये काउंटी स्थापन झाली तेव्हा मुख्यालय ऑरोरा या खाणगावात होतं. पुढे हद्दीची मोजणी झाली आणि ऑरोरा शेजारच्या नेव्हाडात निघालं!

तळ्याच्या अगदी काठावर आहे ली व्हायनिंग. वस्ती काही शेकड्यांची. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात पूर्वेकडून जाणारा टायोगा खिंडीचा रस्ता इथूनच चढतो. ही खिंड ९,९०० फुटांहून उंच आहे आणि बर्फामुळे हिवाळाभर बंद असते. रस्ता बंद झाला की पर्यटक आटतात आणि गावातला धंदाही मंदावतो.

बोडी ओस का पडलं?

१८५९ मध्ये इथे सोनं सापडलं. १८७० च्या दशकाच्या अखेरीस मोठं घबाड लागल्यावर हजारो लोक येऊन थडकले. दारूचे गुत्ते, वर्तमानपत्रं, बँक सगळं उभं राहिलं. सोनं आटलं तशी माणसंही निघून गेली. १८९२ आणि १९३२ च्या आगींनी बरंच गाव जळालं.

१९६२ पासून बोडी हे राज्याचं ऐतिहासिक उद्यान आहे. उरलेल्या सुमारे १०० इमारती नव्यासारख्या केल्या जात नाहीत, फक्त पडू दिल्या जात नाहीत. आतली भांडी, टेबलं, दुकानातला माल तसाच धुळीत पडलेला दिसतो. इथली वस्तू नेली तर वाईट होतं अशी वदंता असल्याने लोक उचललेल्या वस्तू माफीच्या पत्रासह टपालाने परत पाठवतात.

तळ्याचं पाणी गेलं कुठे?

सुमारे पाचशे किलोमीटर दूर, लॉस एंजेलिसला. वाढत्या शहराने १९४१ पासून तळ्याला मिळणारे ओढे वळवायला सुरुवात केली. १९८२ पर्यंत तळ्याची पातळी सुमारे ४५ फुटांनी खाली आली, पाणी निम्मं झालं आणि खारेपणा दुप्पट. १९७९ मध्ये एका बेटापर्यंत जमीन उघडी पडली. कायोटी हे कोल्ह्यासारखे प्राणी त्यावरून चालत गेले आणि कुरवांची वसाहत उद्ध्वस्त झाली. उघड्या तळातून उडणारी क्षारांची धूळ माणसांच्याही छातीत जाऊ लागली.

पर्यटक ज्यांचे फोटो काढतात ते चुनखडीचे पांढरे मनोरे याचाच पुरावा आहेत. तळाशी गोड्या पाण्याचे झरे असतात. त्यातलं कॅल्शियम तळ्यातल्या कार्बोनेटशी संयोग पावतं आणि थरावर थर चढून ‘टुफा’ तयार होतो. हे मनोरे पाण्याखालीच वाढतात. म्हणजे आज जे उंच मनोरे कोरड्यात उभे दिसतात, तिथे एकेकाळी डोक्यावर पाणी होतं.

खटल्यात काय झालं?

१९७८ मध्ये ‘मोनो लेक कमिटी’ स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी नॅशनल ऑडुबॉन सोसायटीसोबत ती न्यायालयात गेली. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नद्या-तळ्यांसारखी संपत्ती सरकारकडे लोकांची विश्वस्त म्हणून असते. त्यामुळे पाणी उचलण्याचा परवाना एकदा दिला म्हणजे विषय संपला, असं होत नाही. तळ्याचं नुकसान पाहून त्याचा फेरविचार करता येतो. शहराची गरजही तोलली पाहिजे, हेही न्यायालयाने मान्य केलं.

हिमाचलमधल्या बियास नदीच्या प्रकरणात, म्हणजे ‘एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ’ खटल्यात, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ च्या निकालात मोनो तळ्याच्या याच खटल्याचा आधार घेतला आणि सार्वजनिक विश्वस्ताचं तत्त्व भारतीय कायद्याचा भाग असल्याचं म्हटलं.

मग तळं भरलं का?

अजून नाही. १९९४ मध्ये राज्याच्या जल मंडळाने समुद्रसपाटीपासून ६,३९२ फूट ही पातळी ठरवून दिली. ती साधारण वीस वर्षांत गाठली जाईल असा अंदाज होता. २०२३ च्या प्रचंड हिमवर्षावानंतर तळं सुमारे पाच फुटांनी चढलं, तरीही ठरलेल्या पातळीपेक्षा कित्येक फूट खालीच राहिलं. दुसरीकडे, लोकसंख्या वाढूनही लॉस एंजेलिसचा एकूण पाणीवापर १९८० च्या दशकापेक्षा कमी झाला आहे. त्यामुळे शहराने मोनोचं पाणी आणखी कमी उचलावं, ही मागणी अजूनही सुरू आहे.

कधी जावं?

बोडी, टायोगा खिंड आणि तळं एकाच फेरीत पाहायचं असेल तर जुलै ते सप्टेंबर बरा. गाडी स्वतःची किंवा भाड्याची हवी, कारण हायवे ३९५ वर गावं लांब लांब आहेत. टुफा मनोऱ्यांवर चढू नका आणि तुकडा घरी आणू नका, दोन्हींना मनाई आहे.