विद्यार्थी–पात्र शिक्षक गुणोत्तर

विद्यार्थी–पात्र शिक्षक गुणोत्तर म्हणजे एखाद्या शैक्षणिक स्तरावर एका पात्रताधारक शिक्षकामागे असणारी विद्यार्थ्यांची सरासरी संख्या होय. ६०० विद्यार्थ्यांच्या माध्यमिक शाळेत २० शिक्षक असून त्यांपैकी १५ पात्र असल्यास साधे गुणोत्तर ३०:१, तर पात्र शिक्षकांचे गुणोत्तर ४०:१ येते.

आंतरराष्ट्रीय तुलना

युनेस्कोची सांख्यिकी संस्था शाश्वत विकास ध्येय ४ अंतर्गत हा निर्देशक वापरते. पात्रतेचे निकष प्रत्येक देश स्वतः ठरवतो. फिनलंडमध्ये पदव्युत्तर पदवी, तर भारतात माध्यमिक स्तरासाठी पदवी व बी.एड. अपेक्षित असते. त्यामुळे समान आकड्यांचा अर्थ समान असतोच असे नाही. भारतात राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानाने (२००९) ३०:१ हे प्रमाण ठरवले होते.

सातारा व सांगली

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले (ता. कराड) येथे स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने शाळांसोबत शिक्षक-प्रशिक्षणालाही महत्त्व दिले. तिने १९३५ मध्ये सातारा येथे प्राथमिक शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय सुरू केले.

जिल्ह्याच्या सरासरीत स्थानिक तफावत झाकली जाते. पाटण, जावळीसारख्या डोंगराळ तालुक्यांतील लहान शाळांत कमी पटामुळे गुणोत्तर समाधानकारक दिसले, तरी गणित वा इंग्रजीसाठी स्वतंत्र पात्र शिक्षक असेलच असे नाही. म्हणून गुणोत्तरासोबत विषयनिहाय शिक्षकसंख्याही पाहणे आवश्यक ठरते.