शेण चुलीत की शेतात? इंदूर ते धाराशिव, कंपोस्टची गोष्ट

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. विषय वाचून काही जण हसतील, कारण विषय आहे शेण. पण आपल्या धाराशिवात पाऊस कमी, बरीच रानं मुरमाड. अशा जमिनीत ओल धरून ठेवायची तर कुजलेलं खत लागतंच. मग ते कमी का पडतं? हा प्रश्न सव्वाशे वर्षांहून जुना आहे.

१८८९ साली ब्रिटिश सरकारनं डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला भारतातली शेती बघायला पाठवलं. तेव्हा बऱ्याच साहेब लोकांचा समज असा, की इथला शेतकरी अडाणी आहे, सोन्यासारखं शेण गोवऱ्या थापून जाळतो. व्होल्कर गावोगाव फिरले आणि १८९३ च्या अहवालात त्यांनी वेगळंच मांडलं. शेण जाळतात, कारण सरपण नाही. जिथं लाकूड मिळतं, तिथं शेण शेतात जातं. म्हणजे अडचण अकलेची नव्हती, चुलीची होती. गावाजवळ सरपण आणि चाऱ्यासाठी झाडी राखा, असं त्यांनी सुचवलं.

पुढचं नाव अल्बर्ट हॉवर्ड. हे १९०५ मध्ये बिहारमधल्या पुसा इथं सरकारी वनस्पतितज्ज्ञ म्हणून आले आणि १९२४ पासून इंदूरच्या संशोधन संस्थेत होते. तिथं त्यांनी खत कुजवण्याची पद्धत बसवली, तीच ‘इंदूर पद्धत’. काडीकचरा, शेण, राख आणि गोठ्यातली मूत मुरलेली माती थरांनी रचायची, ओल ठेवायची, मधून मधून ढीग पलटायचा. साधारण तीन महिन्यांत खत तयार. १९३१ मध्ये यावर पुस्तक निघालं, त्यावर दोन लेखकांची नावं आहेत: हॉवर्ड आणि यशवंत वाड. वाड हे त्याच संस्थेतले रसायनतज्ज्ञ. आज जगभर सेंद्रिय शेतीवाले हॉवर्डचं नाव घेतात, वाडांचं फारसं कुणी घेत नाही.

आता मुद्दा असा, की ढीग पलटणं म्हणजे अंगमेहनत. ज्याच्याकडं एकच गाय आणि घरात माणसंही मोजकी, त्यानं काय करायचं? याचं उत्तर आपल्या महाराष्ट्रातून आलं, यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदहून. नारायण देवराव पांढरीपांडे या गांधीवादी शेतकऱ्यानं विटांचं टाकं बांधलं: १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. भिंतीत मुद्दाम भोकं ठेवली, म्हणजे हवा आपोआप खेळते आणि पलटायची गरज राहत नाही. त्यांच्या नावाच्या अक्षरांवरून याला ‘नाडेप’ म्हणतात.

आकडे बघा. एका टाक्याला सुमारे १४०० किलो काडीकचरा, १७५० किलो चाळलेली माती आणि शेण फक्त ९० ते १०० किलो. एक जनावर दिवसाला १० किलोच्या आसपास शेण देतं असं धरलं, तर हे एका गायीचं दहा दिवसांचं शेण. वरून मातीनं लिंपायचं, ओल टिकवायची. तीन-चार महिन्यांत जवळपास तीन टन खत.

आपल्या जिल्ह्यासाठी हे फार कामाचं आहे. दुष्काळ पडला की चारा संपतो, जनावरं छावणीत जातात नाहीतर बाजारात. ट्रॅक्टर आल्यावर बैलही कमी झाले. पण सोयाबीनचं भुसकट, तुरीचा पाला आहेच, आणि आपली उस्मानाबादी शेळी आहे. तिच्या लेंड्याही खतात चालतात. तरी पुष्कळ ठिकाणी भुसकट पेटवून देतात आणि उकिरडा उन्हात वाळत पडतो. त्यातला नत्र वायू होऊन उडून जातो. अर्धकच्चं शेणखत टाकलं तर सोबत हुमणीच्या अळ्या आणि तणाचं बीही रानात येतं. नीट रचलेला ढीग आतून इतका तापतो की बरंचसं तणाचं बी मरतं.

आणखी एक गोष्ट. शेण उचलणं, गोठा झाडणं, गोवऱ्या थापणं हे सगळं बायकांनी केलं, पण रानात काय टाकायचं हे ठरवलं पुरुषांनी, कारण सातबारा त्यांच्या नावावर. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबाद भागात ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ ही संस्था महिलांच्या गटांसोबत उभी राहिली. पुढं त्यांनी ‘एक एकर’ शेतीचा मार्ग धरला. बाईनं घरच्यांकडून एक एकर, कधी अर्धाच, स्वतः कसायला मागून घ्यायचा. त्यात आधी घरी खायची धान्यं, डाळी, भाजीपाला. खत शक्यतो घरचंच, कंपोस्ट नाहीतर गांडूळ खत. २०१६ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

मला यात पुरस्कारापेक्षा तो एक एकर मोठा वाटतो. जी बाई शेण उचलते, तिलाच ते कुठं जाईल हे ठरवता आलं, तर चूल की शेत या भांडणात पहिल्यांदाच तिचं मत धरलं गेलं.

यंदा सोयाबीनची रास झाली की भुसकटाला काडी लावायच्या आधी घरात एकदा विषय काढा. टाकं बांधायला पैसे नसतील तर सावलीत साधा ढीग रचा, ओला ठेवा, महिन्याभरानं पलटा. आणि हो, तो कुठल्या रानात टाकायचा, हे आईला विचारा. भेटू पुढच्या भागात!