थरच्या वाळवंटातील मृदा-मूल्यमापन : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

वाळवंट म्हणजे सर्वत्र सारखीच नापीक वाळू, अशी सर्वसाधारण समजूत असते. पश्चिम राजस्थानातील थर प्रदेश ती खोटी ठरवतो. वाळूच्या टेकड्या, त्यांमधील सखल पट्टे, जुन्या नदीपात्रांतील गाळाची जमीन आणि खारवट रणे येथे शेजारी शेजारी आढळतात. बाजरी, मटकी, गवार ही पिके कोठे घ्यावीत, हे पावसावर अवलंबून असलेला शेतकरी अनुभवाने ठरवीत असे. कालव्याचे पाणी आल्यावर मात्र हा प्रश्न शास्त्राचा व शासनाचाही झाला. प्रस्तुत लेखात या स्थित्यंतराचा आढावा घेतला आहे.

सर्वेक्षणाची पायाभरणी

बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांच्या कारकिर्दीत 1927 मध्ये गंग कालवा सुरू झाला. स्वातंत्र्यानंतर 1958 मध्ये राजस्थान कालव्याचे काम हाती घेण्यात आले. पुढे इंदिरा गांधी कालवा म्हणून ओळखल्या गेलेल्या या प्रकल्पाचा 204 कि.मी. लांबीचा जोडकालवा व 445 कि.मी. लांबीचा मुख्य कालवा सतलज-बियासचे पाणी हरिके येथून वाळवंटात नेतो.

दरम्यान 1952 मध्ये जोधपूर येथे वाळवंट वनीकरण केंद्र स्थापन झाले होते. युनेस्कोचे तज्ज्ञ, ऑस्ट्रेलियाचे सी. एस. ख्रिश्चन यांच्या सल्ल्यानुसार 1959 मध्ये त्याचे केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेत रूपांतर झाले. भूरूप, मृदा व वनस्पती यांचा सुटा विचार न करता त्यांचा एकत्रित घटक मानून जमिनीचे सर्वेक्षण करावे, ही ख्रिश्चन यांची पद्धती होती. हवाई छायाचित्रांवरून असे घटक ओळखणे शक्य होते.

भूगर्भातील अडसर

वालुकामय जमिनीतून पाण्याचा निचरा त्वरित होतो. त्यामुळे ती पाणथळ होण्याचा धोका कमी, असे वरवर पाहता वाटते. हनुमानगढ व गंगानगर परिसराचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. अनेक ठिकाणी वाळूखाली जिप्सम किंवा चिकणमातीचा कठीण थर आहे. कालव्यातून झिरपलेले व शेतात अतिरिक्त दिलेले पाणी या थरावर साचले, भूजलपातळी वर आली आणि केशाकर्षणाने क्षार पृष्ठभागावर जमा झाले. पाण्यासाठी आसुसलेल्या प्रदेशात पाण्यामुळेच शेते पडीक पडावीत, हा या इतिहासातील कटू विरोधाभास होय. मूल्यमापन केवळ मातीच्या पोतावर न थांबता तिच्या खोलीपर्यंत गेले पाहिजे, हा धडा त्यातून मिळाला.

मूल्यमापनापासून संगणकीय नकाशापर्यंत

1976 मध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेने जमीन-मूल्यमापनाची चौकट प्रसिद्ध केली. जमीन सरसकट चांगली वा वाईट नसते, ती विशिष्ट वापरासाठी योग्य वा अयोग्य असते, हे तिचे मूलतत्त्व. अत्यंत योग्य, मध्यम योग्य, अल्प योग्य, सध्या अयोग्य व कायमची अयोग्य असे वर्ग त्यातून रूढ झाले. एकच वालुकामय जमीन बाजरीस मानवते, पण गव्हास अल्प योग्य ठरू शकते.

त्याच वर्षी आकारास आलेल्या व नागपूर येथे मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेने राज्यांचे मृदा-नकाशे 1:2,50,000 या प्रमाणावर तयार केले. 17 मार्च 1988 रोजी ‘आयआरएस-1ए’ हा उपग्रह प्रक्षेपित झाल्यावर स्वदेशी उपग्रह-प्रतिमा उपलब्ध झाल्या. पुढे भौगोलिक माहिती प्रणालीमुळे मातीची खोली, पोत, क्षारता व उतार यांचे स्तर संगणकावर एकमेकांवर ठेवून प्रत्येक पिकासाठी स्वतंत्र योग्यता-नकाशा काढणे सुलभ झाले.

तथापि, या तंत्राला मर्यादा आहेत. प्रतिमेत कोरडी वाळू आणि क्षारांचा पापुद्रा दोन्ही उजळ दिसतात. पृष्ठभागाखालील कठीण थर तर दिसतच नाही. प्रमाणाचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. कालवा-क्षेत्रातील 25 बिघ्यांचा एक मुरब्बा, म्हणजे सुमारे 6.32 हेक्टर जमीन, 1:2,50,000 च्या नकाशावर जेमतेम एक मिलिमीटर बाजूचा ठिपका ठरते. असा नकाशा प्रदेशाच्या नियोजनास उपयुक्त असला, तरी एका कुटुंबाच्या पीकनिवडीस पुरेसा नाही.

समारोप

थरच्या वाळवंटात कालव्याचे पाणी पुढे गेले आणि जमिनीचे सखोल ज्ञान त्याच्या मागून आले. या क्रमाची किंमत शेतकऱ्यांनी मोजली. नकाशातंत्राने हे अंतर कमी केले. परंतु शेतात खड्डा खणून केलेल्या मृदा-परीक्षणाची जोड असल्याशिवाय कोणताही योग्यता-नकाशा विश्वसनीय ठरत नाही, हाच या इतिहासाचा निष्कर्ष आहे.