दुवे जमवणे आणि दुवे सांभाळणे : सामायिक बुकमार्क-संग्रहांचा इतिहास

अभियांत्रिकीच्या बहुतेक अभ्यासगटांत ‘महत्त्वाच्या लिंक्स’ नावाची एखादी फाईल असते. पहिल्या सत्रात कोणीतरी ती उत्साहाने सुरू करतो आणि चार-पाच जण तिच्यात भर घालतात. तिसऱ्या सत्रात ती उघडून पाहिली, तर काही दुवे बंद पडलेले असतात, काही दोनदा आलेले असतात आणि काही कोणी व कशासाठी ठेवले होते हेच कळत नाही. अशा वेळी आपण आळसाला दोष देतो. पण सॉफ्टवेअर क्षेत्रातील मोठमोठ्या समूहांनाही याच अडचणी आल्या. त्यांनी त्या कशा हाताळल्या याचा इतिहास या टिपणात पाहू. या इतिहासातून एक मुद्दा स्पष्ट होतो. दुवे जमवणे हे कामाचा लहान भाग आहे. संग्रह किती टिकेल हे ठरते ते दुवे काढून टाकण्याची जबाबदारी कोणावर आहे आणि मालक बदलला तर संग्रह बाहेर नेता येतो का, या दोन गोष्टींवर.

१. याद्यांचा काळ

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संस्थेत असतानाच १९९१ मध्ये विषयवार दुव्यांची एक यादी सुरू केली. पुढे ती ‘वर्ल्ड वाइड वेब व्हर्च्युअल लायब्ररी’ म्हणून ओळखली गेली. प्रत्येक विषयाची यादी त्या विषयाच्या जाणकाराने आपल्याच सर्व्हरवर सांभाळायची, अशी तिची रचना होती.

१९९३ मध्ये आलेल्या मोझेक ब्राउझरमध्ये आवडती पाने साठवण्याची ‘हॉटलिस्ट’ होती. आजच्या बुकमार्कचे ते आधीचे रूप म्हणता येईल. पण ही यादी ज्याच्या त्याच्या संगणकावर राही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरी यांग आणि डेव्हिड फायलो या दोन विद्यार्थ्यांनी १९९४ मध्ये आपली यादी सर्वांसाठी खुली केली. तिचेच पुढे याहू झाले. वेब वाढत गेले तशी पगारी माणसांनी प्रत्येक साइट पाहून योग्य कप्प्यात टाकण्याची पद्धत अपुरी पडू लागली.

२. स्वयंसेवक संपादक : ओपन डिरेक्टरी

यावर उपाय म्हणून जून १९९८ मध्ये रिच स्क्रेंटा आणि बॉब ट्रुएल यांनी स्वयंसेवकांची निर्देशिका सुरू केली. तिचे पहिले नाव ‘ग्नूहू’ होते. ग्नू प्रकल्पाच्या बाजूने आक्षेप आल्यावर ते ‘न्यूहू’ झाले. त्याच वर्षी नेटस्केपने ती विकत घेतली आणि ‘ओपन डिरेक्टरी प्रोजेक्ट’ हे नाव आले. डीमॉझ या नावानेही ती ओळखली जाते.

तिची मांडणी झाडासारखी होती. मुख्य विषय, त्याखाली उपविषय, त्याखाली आणखी बारीक कप्पे आणि प्रत्येक कप्प्याला संपादक. संपूर्ण माहिती इतरांना विनामूल्य वापरता येत असे. गूगलची निर्देशिकाही या माहितीवर चालत होती. प्रकल्प बंद झाला तेव्हा त्यात सुमारे ३८ लाख साइटची नोंद होती आणि आरंभापासून ९० हजारांहून अधिक संपादकांनी त्यात काम केले होते.

मग अडचण कुठे आली? एखाद्या कप्प्याचा संपादक निघून गेला की त्या कप्प्याकडे येणारे प्रस्ताव पडून राहत. सर्व्हरही कंपनीच्या हातात होते. ऑक्टोबर २००६ मध्ये मुख्य सर्व्हर बिघडला, तेव्हा जवळपास दोन महिने संपादकांना काम करता आले नाही. नेटस्केप एओएलकडे गेले, त्याबरोबर हा प्रकल्पही गेला. पुढे एओएलला त्यात रस उरला नाही आणि १७ मार्च २०१७ रोजी तो बंद झाला. तरीही माहिती खुली असल्यामुळे काही जुन्या संपादकांना ‘कर्ली’ या नावाने तेच काम पुन्हा उभे करता आले. संस्थेचा आधार सुटूनही संग्रह वाचला, याचे श्रेय खुल्या परवान्याला द्यावे लागेल.

३. टॅगचा काळ : डिलिशस

झाडासारख्या मांडणीत एक दुवा शक्यतो एकाच कप्प्यात बसतो. पायथनमधून डेटाबेस हाताळायला शिकवणारा लेख पायथनखाली ठेवायचा की डेटाबेसखाली? जोशुआ शॅक्टर यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या डिलिशस या सेवेने हा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवला. प्रत्येकाने आपला बुकमार्क ठेवताना हवे तितके टॅग द्यावेत आणि सर्वांचे टॅग सर्वांना दिसावेत. ज्या दुव्याला अनेकांनी साठवले तो आपोआप वर येई. स्वतःच्या सोयीसाठी केलेले काम इतरांच्या उपयोगी पडत असे आणि वेगळा संपादक नेमावा लागत नसे. लोकांनी मिळून घडवलेल्या अशा वर्गीकरणाला थॉमस व्हँडर वॉल यांनी २००४ मध्ये ‘फोकसॉनॉमी’ हे नाव दिले.

डिसेंबर २००५ मध्ये याहूने डिलिशस विकत घेतले. पाच वर्षांनी, डिसेंबर २०१० मध्ये, याहू ही सेवा आवरती घेणार असल्याची एक अंतर्गत स्लाइड बाहेर आली. वापरकर्ते धास्तावले आणि आपले बुकमार्क उतरवून घेऊ लागले. त्यांतले बरेच जण मॅचे सेग्लोव्स्की यांच्या पिनबोर्डकडे वळले. २००९ मध्ये सुरू झालेली ही छोटी सेवा सुरुवातीपासून पैसे आकारत होती आणि म्हणूनच वापरकर्त्यांच्या बळावर चालू शकत होती. डिलिशसचे मालक पुढे अनेकदा बदलले. शेवटी २०१७ मध्ये पिनबोर्डनेच ते ३५ हजार डॉलरला विकत घेतले आणि त्यात नव्या नोंदी करणे थांबवले.

४. गिटहबवरील याद्या

प्रोग्रामिंगची विनामूल्य पुस्तके कुठे मिळतात, याची एक मोठी यादी स्टॅक ओव्हरफ्लोवर लोकांनी मिळून तयार केली होती. पण ती जागा नेमक्या प्रश्नाला नेमके उत्तर मिळावे यासाठी आहे. सतत वाढणारी यादी तिथे बसत नव्हती. २०१३ मध्ये ती गिटहबवर आली आणि ‘फ्री प्रोग्रामिंग बुक्स’ या नावाने वाढली. आज तिच्यात हिंदी, बंगाली, तमीळ यांसह अनेक भाषांच्या स्वतंत्र फाईली आहेत.

गिटहबमुळे तीन गोष्टी बदलल्या. कोणीही बदल सुचवू शकतो, पण सांभाळणाऱ्याने मान्य केल्याशिवाय तो यादीत येत नाही. प्रत्येक बदल कोणी व कधी केला याची नोंद राहते. आणि पूर्ण इतिहासासह संग्रहाची प्रत कोणालाही घेता येते. नोंदी वर्णानुक्रमे लावणे, दुवे चालतात का ते पाहणे ही कामे काही प्रमाणात प्रोग्रामवर सोपवता येतात.

जुलै २०१४ मध्ये सिंद्रे सॉरहुस यांनी ‘ऑसम’ नावाची याद्यांची यादी सुरू केली. तिचे नियम अभ्यासण्यासारखे आहेत. नवी यादी किमान ३० दिवस जुनी असावी लागते. शिवाय आपली यादी सुचवणाऱ्याने इतरांचे किमान दोन प्रस्ताव तपासावेत, अशी अपेक्षा असते. म्हणजे भर घालणाऱ्याने सांभाळण्याच्या कामातही वाटा उचलायचा.

ही व्यवस्थाही निर्दोष नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात टी-शर्ट मिळावा म्हणून असंख्य नवशिक्यांनी निरर्थक बदल पाठवले. वर्णनाच्या फाईलमध्ये एखादा शब्द घालायचा, एवढाच तो बदल असे. तो नाकारायलाही कोणाला तरी वेळ द्यावा लागत होता. आयोजकांना त्याच महिन्यात नियम बदलून, ज्या प्रकल्पांची तयारी असेल त्यांनाच उपक्रमात घ्यावे लागले. विद्यार्थ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. आपल्या एका क्लिकमागे दुसऱ्या टोकाला एक माणूस बसलेला असतो आणि बहुधा तो विनावेतन काम करत असतो.

५. निष्कर्ष

अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. म्हणजे कोणी काही चूक केली नाही, तरी दुव्यांचा संग्रह जुना होतच जातो. झाड असो, टॅग असो की गिटहबवरील साधी फाईल, मांडणी कोणतीही निवडली तरी निगा राखणारे हात लागतातच.

आपल्या वर्गासाठी असा संग्रह करणार असाल, तर आधी चार गोष्टी लिहून ठेवा. दुवा कोणत्या कसोटीवर घ्यायचा, दर सत्राला तो कोण तपासणार, बंद पडलेल्या पानाची प्रत इंटरनेट आर्काइव्हमध्ये कोण शोधणार आणि आपण उत्तीर्ण होऊन गेल्यावर किल्ली कोणाच्या हाती जाणार. प्रत्येक दुव्यापुढे तो का ठेवला याचे एक वाक्यही लिहा. पत्ता उद्या बदलला, तर त्या वाक्याच्या आधारे पुढच्या तुकडीला तीच माहिती दुसरीकडे शोधता येईल.

स्वाध्याय : तुमच्या गटाची लिंक्सची फाईल उघडा आणि प्रत्येक दुवा तपासा. चालू, बंद आणि हेतू न कळणारे असे तीन भाग करा. बंद दुव्यांपैकी किती पानांची जुनी प्रत मिळते ते पाहा आणि पुढील सत्रासाठी या फाईलचा सांभाळकर्ता नेमा.