सरावशाळा, आदर्श शाळा आणि प्रयोगशाळा

चिखली तालुक्यातल्या उंद्री गावी काही शिक्षकांबरोबर गप्पा मारत बसलो होतो. त्यांतले एक ज्येष्ठ शिक्षक म्हणाले, "सर, दरवर्षी बी.एड.ची मुलं शाळांवर येतात. फळ्यावर दिनांक, घटक, उपघटक लिहितात, तक्ता टांगतात, पाठ घेतात आणि जातात. त्यांना गुण मिळतात. शाळेला काय मिळतं ते सोडा, पण त्यांच्या विद्यापीठाला तरी आमच्या शाळेकडून काही मिळतं का?"

प्रश्न साधा होता; आम्हाला मात्र लगेच उत्तर देता आले नाही. विद्यापीठाने शाळेकडून काही शिकावे, ही अपेक्षाच मुळात आपल्याकडे फारशी रुजलेली नाही. पण ती कोणी कधी केलीच नव्हती असे मात्र नाही. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी एका विद्यापीठाने नेमक्या याच अपेक्षेने एक शाळा काढली होती, आणि तिथली मुले एके दिवशी आपल्या वऱ्हाडातला शेतकरी ज्या पिकावर जगला ते पीक हातात घेऊन बसली होती.

जॉन ड्यूई 1894 साली शिकागो विद्यापीठात आले. तत्त्वज्ञान, मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्र असे तिन्ही विषय त्यांच्या विभागात होते. भौतिकीच्या विभागाला प्रयोगशाळा लागते, जीवशास्त्राला लागते, मग शिक्षणशास्त्रालाच ती का नको, असा त्यांचा प्रश्न होता. मुले कशी शिकतात याविषयीचे सिद्धांत वर्गात व्याख्यानातून सांगायचे आणि ते खरे की खोटे हे कधीच तपासायचे नाही, हे त्यांना पटत नव्हते. म्हणून जानेवारी 1896 मध्ये विद्यापीठाची शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी मुले होती सोळा. 1902 पर्यंत ती सुमारे 140 झाली आणि त्यांच्यासाठी 23 शिक्षक आणि दहा साहाय्यक होते. (पटसंख्या आणि शिक्षकसंख्या यांचे हे प्रमाण वाचून आपल्या वाचकांनी सुस्कारा सोडला असेल, तर आम्ही समजू शकतो.)

शाळेसाठी बाके घ्यायला ड्यूई बाजारात गेले तेव्हाची गोष्ट त्यांनी स्वतःच सांगितली आहे. त्यांना हवी तशी बाके कोठे मिळेनात. शेवटी एक चाणाक्ष दुकानदार त्यांना म्हणाला की तुम्हाला मुलांनी काम करावे अशी बाके हवी आहेत, आणि आमच्याकडची सगळी ऐकण्यासाठी केलेली आहेत. आपल्या वर्गांतली बाके कशासाठी केलेली आहेत हे वाचकांनी उद्या वर्गात गेल्यावर पाहावे.

आता त्या पिकाविषयी. शाळेत कापड हा एक मोठा विषय होता. मुलांना कच्ची लोकर दिली, बोंडातला कापूस दिला आणि त्यांचे धागे तपासायला सांगितले. लोकरीच्या मानाने कापसाचा उद्योग उशिरा का वाढला, हा प्रश्न होता. मुले सरकीपासून रुई हाताने सोडवू लागली. अर्धा तास खपून निघाली ती एका औंसापेक्षाही कमी, म्हणजे 28 ग्रॅमसुद्धा नाही. एक माणूस दिवसभर बसला तर किती रुई काढेल, याचा हिशेब मग मुलांनीच केला. कापसाचा तंतू आखूड व गुळगुळीत, तर लोकरीचा लांब व खरखरीत, त्यामुळे लोकर कातायला सोपी, हेही त्यांच्या ध्यानात आले. आपले पूर्वज लोकर का वापरत आणि 1793 मध्ये एली व्हिटनीने सरकी काढण्याचे यंत्र केल्यावर एवढा फरक का पडला, हे त्यांना पाठ करावे लागले नाही.

हा पाठ सुंदर आहे यात शंका नाही. पण उंद्रीत हीच गोष्ट सांगताना आम्हीच मध्ये थांबलो. "आपले पूर्वज लोकर वापरत" हे वाक्य येथे म्हणायचे कसे? मोहेंजोदडोत कापसाच्या कापडाचे अवशेष सापडले आहेत. बुलढाणा जिल्ह्याला लागून असलेल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात अजिंठ्याची लेणी आहेत. तिथल्या भित्तिचित्रांत सरकी काढण्याचे साधे लाटणीचे साधन दिसते असे अभ्यासकांनी दाखवले आहे, आणि ती चित्रे साधारण पाचव्या शतकातली. म्हणजे सरकी हाताने सोडवणे कष्टाचे आहे हे येथेही तितकेच खरे होते. पण येथल्या माणसाने कापूस बाजूला ठेवला नाही, त्याने साधन शोधले. प्रयोग तोच, निरीक्षण तेच, पण शिकागोत त्यातून निघालेला निष्कर्ष उंद्रीत जसाच्या तसा लागू होत नाही. शाळेला प्रयोगशाळा म्हणायचे तर ती एकाच गावी असून भागत नाही, ते यामुळे.

शिकागोच्या शाळेची दुसरी एक गोष्ट आम्हाला कापसाच्या पाठाइतकीच मोलाची वाटते. तेथले शिक्षक दर आठवड्याला लेखी टिपण करीत. काय योजले होते, प्रत्यक्षात काय झाले, मुलांनी काय विचारले, कोठे फसले. या टिपणांवर बैठकांत चर्चा होई आणि पुढची योजना बदले. शाळेत शिकवलेल्या कॅथरीन मेह्यू आणि ॲना एडवर्ड्स या दोघी बहिणींनी पुढे 1936 साली त्या शाळेचा वृत्तान्त पुस्तकरूपाने लिहिला, तो या टिपणांच्या जोरावर. आपल्याकडे पाठाचे टाचण असते, पण ते पाठाच्या आधी लिहायचे असते. पाठ झाल्यावर लिहायचे टाचण कोणी मागत नाही.

ही शाळा ड्यूईंच्या हाती फक्त आठ वर्षे राहिली. कर्नल फ्रान्सिस पार्कर यांची संस्था 1901 मध्ये विद्यापीठात सामील झाली, तिची शाळाही आली, आणि दोन शाळा एकत्र करण्यावरून, तसेच ड्यूईंच्या पत्नी ॲलिस यांच्या मुख्याध्यापकपदावरून विद्यापीठाच्या अध्यक्षांशी मतभेद झाले. 1904 मध्ये ड्यूई शिकागो सोडून न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. शिकागोची शाळा मात्र आजही चालू आहे. 1903 मध्ये दोन जुन्या शाळा सामावून घेऊन विद्यापीठाचे हायस्कूलही उभे राहिले होते. प्रश्न एवढाच, की संस्थापक गेल्यावर तिथे प्रयोग किती उरला आणि चांगली शाळा म्हणून नाव किती उरले. प्राध्यापकांची आणि सुस्थित घरांतली मुले तिथे पहिल्यापासूनच अधिक होती.

हा प्रश्न इलिनॉय राज्यातच अर्बाना गावच्या विद्यापीठीय हायस्कूलबाबत आणखी ठळकपणे दिसतो. इलिनॉय विद्यापीठाने ते 1921 मध्ये सुरू केले. फिलिप अँडरसन, हॅमिल्टन स्मिथ आणि जेम्स टोबिन हे तीन नोबेल विजेते या एका छोट्या शाळेचे विद्यार्थी. याचे कौतुक होते आणि व्हावे. पण शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने या शाळेचे महत्त्व निराळे आहे. 1951 पासून मॅक्स बेबरमन या गणितशिक्षकाने विद्यापीठातल्या सहकाऱ्यांबरोबर हायस्कूलच्या गणिताची नवी मांडणी केली आणि ती याच शाळेतल्या वर्गांत स्वतः शिकवून तपासली. पुढे जगभर गाजलेल्या 'नव्या गणिता'चा एक उगम येथे आहे. आपल्याकडे सत्तरच्या दशकात पाठ्यपुस्तकांत संच, उपसंच, छेद हे सगळे आले, ते शिकवताना ज्यांची तारांबळ उडाली ते शिक्षक आज निवृत्त झाले असतील. बेबरमन यांनी स्वतःच 1964 मध्ये, शिक्षकांची तयारी नसताना प्राथमिक शाळांवर हे गणित घाईने लादण्याविरुद्ध इशारा दिला होता. निवडक मुले आणि विषयात मुरलेला शिक्षक यांच्या वर्गात जे जमले, ते सर्वत्र जमेल असे धरून चालता येत नाही, हे प्रयोग करणाऱ्यालाच आधी कळले होते.

आता आपल्याकडे वळू. 1903 नंतर वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताबरोबर चालू लागला. त्यामुळे हायस्कूलच्या शिक्षकाला प्रशिक्षण घ्यायचे तर नागपूरच्याही पुढे, जबलपूरच्या ट्रेनिंग कॉलेजकडे पाहावे लागे. नागपूर विद्यापीठ 1923 चे, आणि अमरावतीचे तर 1983 चे. ट्रेनिंग कॉलेजांना जोडून ज्या शाळा असत त्यांना 'मॉडेल' म्हणजे आदर्श शाळा म्हणत. या शब्दातच सगळे आले. आदर्श शाळेत जे चालते ते पाहायचे आणि तसे करायचे. तिथे काही चुकेल, फसेल, तपासले जाईल ही कल्पनाच नाही. पाठ आधी ठरलेला, उत्तर आधी ठरलेले. उंद्रीच्या शिक्षकांनी वर्णन केलेला फळ्यावरचा 'घटक, उपघटक' हा या परंपरेचा आजचा वारस आहे.

1963 मध्ये अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर येथे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने क्षेत्रीय शिक्षण महाविद्यालये काढली. प्रत्येकाला जोडून एक बहुउद्देशीय शाळा दिली. महाराष्ट्र भोपाळच्या क्षेत्रात येतो. पदवी आणि शिक्षक-प्रशिक्षण एकत्र असा चार वर्षांचा अभ्यासक्रम तिथे सुरू झाला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने नवा म्हणून पुढे आणलेला चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम त्याच्याशी ताडून पाहावा. या शाळांचे इंग्रजी नाव मात्र 'डेमॉन्स्ट्रेशन' शाळा, म्हणजे पुन्हा दाखवण्याची शाळा.

प्रयोग झाले ते बहुधा विद्यापीठाच्या आवाराबाहेर. सर्वांत मोठा वर्ध्याचा. ऑक्टोबर 1937 मध्ये तिथे परिषद भरली, झाकीर हुसेन समितीने आराखडा केला आणि सेवाग्रामला नई तालीमची शाळा उभी राहिली. तिथेही मुलांच्या हाती कापूसच होता. पण शिकागोच्या मुलांनी अर्धा तास सरकी काढली ती समजण्यासाठी; वर्ध्याच्या मुलांनी टकळी धरली ती समजण्यासाठी आणि शाळेचा खर्च काही अंशी भागावा यासाठीही. या दुसऱ्या हेतूवर त्या वेळीही कडाडून टीका झाली. मुलांच्या श्रमाला बाजारभाव लागला की प्रश्न विचारायला वेळ उरत नाही, ही शंका आम्हाला आजही रास्त वाटते. तरी कापूस, सूत, गणित, भूगोल यांची जी सांगड तिथे घातली गेली ती घालणाऱ्यांनी ड्यूईइतकाच विचार केला होता.

विद्यापीठे गावाकडे आली ती सत्तरच्या दशकात. 1972 मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात (2022 पासून नर्मदापुरम) किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी 16 शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ त्यात उतरले. 1978 मध्ये हा कार्यक्रम जिल्हाभर पसरला. शिक्षकांच्या मासिक बैठका, वर्गातून परत आलेले प्रश्न आणि त्यांवरून बदललेले पाठ हा त्याचा कणा होता. परीक्षेत पुस्तक उघडून पाहायला मुभा होती. 2002 मध्ये राज्य शासनाने तो बंद केला.

टाटा संस्थेने 1974 मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन केले. त्या केंद्राने प्रा. वि. गो. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली सुरुवातीच्या वर्षांत जे काम केले, त्यातले एक ठिकाण आपल्या अगदी शेजारी आहे: जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यातले खिरोदा. (जळगाव म्हणजे खानदेशातले, आपले जामोद नव्हे.) तिथल्या ग्रामीण माध्यमिक शाळांत शिक्षकांबरोबर, स्वस्त साधनांतून विज्ञान शिकवण्याचे काम झाले. केंद्राच्या कामातून पुढे आलेली एक गोष्ट मराठी शिक्षकाने विसरू नये. मुले विज्ञानात मागे पडतात त्याला पुष्कळदा विज्ञान नव्हे तर पुस्तकाची भाषा कारण असते. तीच माहिती सोप्या मराठीत लिहून दिली की मुलांचे आकलन सुधारते, हे त्यांनी शाळांतल्या मुलांबरोबर काम करून तपासले. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी मुंबई महापालिकेच्या शाळांतल्या दलित मुलांबरोबर त्यांनी काही वर्षे सातत्याने काम केले आणि शालान्त परीक्षेत त्या मुलांनी दाखवलेली प्रगती हा 'गुणवत्ता कोणाकडे असते' या प्रश्नाला दिलेला पुरावा होता. निवडक मुलांच्या शाळेत हा प्रश्न विचारताच आला नसता.

2015 पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले तेव्हा शाळेतल्या अनुभवासाठी वीस आठवडे ठरले. वीस आठवड्यांत एका वर्गाची वीस टिपणे होऊ शकतात. उंद्रीच्या त्या शिक्षकांना आम्ही एवढेच सुचवले की पुढच्या वेळी येणाऱ्या मुलांकडे टाचणाबरोबर हे टिपणही मागा, आणि त्याची एक प्रत शाळेत ठेवून घ्या.

ते हसले. मग त्यांनी घरून थोडा कापूस मागवला. आता इकडे शेतांत सोयाबीनच जास्त, त्यामुळे तो मिळायलाही थोडा वेळ लागला. आम्ही सात जण घड्याळ लावून सरकी काढायला बसलो. एका शर्टाला 200 ग्रॅम रुई धरली, तर शिकागोच्या मुलांच्या वेगाने नुसती सरकी काढायलाच साडेतीन तासांच्या वर लागतील, हा हिशेब फळ्यावर मांडून ठेवला होता. अर्ध्या तासाने तराजू शोधू लागलो, तेव्हा शाळेतल्या तराजूची वजनेच सापडेनात. शेवटी किराणा दुकानातून वजन करून आणले. ते किती भरले हे आम्ही येथे मुद्दामच सांगत नाही. वाचकांनी आपापल्या वर्गात अर्धा तास करून पाहावे, मुलांची वये आणि कापसाचे वाण नोंदवावे, आणि आकडे आम्हाला कळवावेत.