घोड्याचे रक्त घोड्याला

श्रोतेहो, रोवणीचे दिवस आठवा. पोंभुर्ण्याच्या आसपास बांध्यांतून माणसे चिखलात वाकलेली असतात आणि एखाद्याच्या पायाला साप चावतो. शहाणी माणसे त्याला मांत्रिकाकडे न नेता तडक दवाखान्यात नेतात. डॉक्टर शिरेतून प्रतिविष देतात आणि माणूस हाती लागतो. त्या लहानशा कुपीत काय असते, हे गुरुजींनी वर्गात विचारून पाहावे. "औषध" एवढेच उत्तर येईल. खरे उत्तर असे, की तिच्यात घोड्याच्या रक्तातला अंश असतो.

ही विद्या फ्रान्समध्ये लील येथे अल्बेर काल्मेत यांनी १८९५ च्या सुमारास सिद्ध केली. घोड्याला विषाची अगदी थोडी मात्रा टोचायची आणि ती हळूहळू वाढवीत न्यायची. घोड्याचे शरीर त्या विषावर उतारा तयार करते. नागाच्या विषावरचा उतारा सर्व सापांना चालेल, अशी काल्मेत यांची समजूत होती. ती टिकली नाही. मुंबईच्या प्लेग-प्रयोगशाळेत काम केलेल्या जॉर्ज लॅम्ब यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवले, की नागाचा उतारा घोणशीच्या, म्हणजे आपल्याकडच्या परडाच्या, विषापुढे लंगडा पडतो. म्हणून आपल्या देशातले प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे अशा चौघांच्या विषांवर तयार होते. परळची ती प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाते. तिथेही पुढे प्रतिविष तयार होऊ लागले.

आता घोड्याकडे वळू. तीनशे किलो वजनाच्या घोड्याच्या अंगात सुमारे चोवीस लिटर रक्त असते. एका वेळी त्यातले चारेक लिटर काढले, म्हणजे सहावा हिस्सा गेला. असे वारंवार होऊ लागले, तर जनावराला रक्तक्षय जडतो. डोळ्यांच्या आतली कड पांढुरकी पडते, धाप लागते, खाणे सुटते. माणसाला जीवदान देणारा घोडा स्वतः मात्र खंगत जातो. हा न्याय झाला का?

यावर उपाय रक्ताच्या घडणीतच दडलेला होता. घोड्याचे रक्त गोठू न देता नळीत उभे ठेवा. तांबड्या पेशी भराभर खाली बसतात आणि वर पिवळसर पाणी राहते. उतारा असतो तो त्या पिवळ्या पाण्यात. मग तांबड्या पेशी फेकायच्या कशाला? अमेरिकेतील जॉन जेकब एबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१४ साली कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवले, की रक्तद्रव काढून घेऊन पेशी परत अंगात सोडता येतात. आज प्रतिविषाच्या घोड्यांसाठी हीच रीत अवलंबिली जाते. पेशी निर्जंतुक मिठाच्या पाण्यात मिसळतात, कोमट करतात आणि त्याच घोड्याच्या शिरेत पुन्हा सोडतात.

तुम्ही म्हणाल, "दुसरे काही रक्ताऐवजी देता येत नाही का?" तसे प्रयत्नही झाले, बरं का! गाईच्या रक्तातील हिमोग्लोबिनपासून केलेल्या द्रवाला अमेरिकेत १९९८ मध्ये कुत्र्यांच्या रक्तक्षयासाठी मान्यता मिळाली. घोडे आणि तट्टे यांनाही तो देऊन पाहिला गेला. अडीअडचणीला तो प्राणवायू वाहून नेतो, पण त्याचा प्रभाव थोड्याच दिवसांत ओसरतो. परक्या घोड्याचे रक्त द्यावे, तर त्यातल्या पेशीही लवकर नष्ट होतात. घोड्याच्या स्वतःच्या तांबड्या पेशी मात्र पाचेक महिने जगतात. तेव्हा ज्याचे रक्त त्यालाच परत करावे, हेच बरे.

अर्थात परत दिले म्हणजे सारे फिटले असे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, की घोड्याला तपासूनच रक्त घ्यावे, मर्यादेत घ्यावे आणि विश्रांती द्यावी. चाराही पोटभर हवाच. हे नियम कागदावर राहिले, तर त्याची किंमत मुका जीव मोजतो.

तेव्हा साप चावला, तर वेळ न दवडता दवाखाना गाठा. आणि बरे होऊन बांधीत परत उतराल, तेव्हा कुठल्याशा पागेत उभ्या असलेल्या त्या घोड्याची एकवार आठवण ठेवा.