रांजणवाडीचं औषध आणि अवयवीचा प्रश्न

वनस्पतीच्या अर्काने जिवाणू मरतात का, हे आपण कसं तपासतो? थाळीत जिवाणू वाढवायचे, अर्कात भिजवलेली कागदी चकती त्यावर ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी भोवती स्वच्छ वर्तुळ पडलं का ते पाहायचं. पडलं, तर त्या अर्कातून एकेक घटक सुटा करून 'खरं औषध' शोधायचं. लसणातलं ॲलिसिन कॅव्हॅलिटो आणि बेली यांनी १९४४ साली अमेरिकेत असंच वेगळं काढलं. यामागे एक गृहीत आहे: गुण कुठल्यातरी एका अवयवात असतो.

आता दुसरी हकिकत. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत दहाव्या शतकातलं 'बाल्ड्स लीचबुक' हे जुन्या इंग्रजीतलं वैद्यकाचं हस्तलिखित आहे. त्यात पापणीवरच्या गाठीवर, म्हणजे बहुधा आपल्या रांजणवाडीवर, औषध दिलंय. लसूण, कांद्याच्या कुळातला आणखी एक कंद, वाइन आणि बैलाचं पित्त एकत्र करून पितळी भांड्यात ९ रात्री मुरवायचं. नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या जुन्या इंग्रजीच्या अभ्यासक क्रिस्टिना ली आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ फ्रेया हॅरिसन यांनी सहकाऱ्यांसह ते बरहुकूम बनवलं. २०१५ साली निष्कर्ष आला: रांजणवाडीला बहुतेकदा कारण ठरणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस त्याने मरतो.

खरी गंमत २०२० साली कळली. द्रवात सुटे तरंगणारे जिवाणू मारायला लसणातलं ॲलिसिन पुरतं. पण जिवाणू चिकट थर करून, म्हणजे बायोफिल्म करून बसले, की एकटा लसूण निष्प्रभ. तिथे सगळे घटक एकत्रच लागतात.

आपल्याकडे हा वाद जुनाच. नैयायिक म्हणाले, अवयवी हा अवयवांहून निराळा पदार्थ आहे. बौद्ध म्हणाले, अवयवांपलीकडे काही नाही. प्रयोगशाळेने हा तात्त्विक वाद मिटवला, असं आम्ही म्हणणार नाही. पण एवढं नक्की, की सुट्या घटकाची परीक्षा ही पाठाची परीक्षा नव्हे.

म्हणून वर्तुळ पडलं नाही की 'आजीबाईचा बटवा खोटा' म्हणणं घाईचं, आणि पडलं की 'पूर्वजांना सगळं ठाऊक होतं' म्हणणं त्याहून घाईचं. एका पाठाची परीक्षा म्हणजे सगळ्या ग्रंथाची नव्हे. थाळीतून माणसापर्यंतची वाट तर लांबच आहे. औषधांना न जुमानणारे जिवाणू वाढत असताना जुना पाठ भक्तीने स्वीकारणं किंवा तुच्छतेने फेकणं, दोन्ही आपल्याला परवडणारं नाही. तो नीट वाचायचा, सांगितला तसाच करायचा, आणि मग तपासायचा.